अभ्यास म्हणजे सवय : नववी ते बारावीच्या चार पायऱ्या





हा पाठ दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. जे स्वतः नववी ते बारावीत शिकत आहेत ते विद्यार्थी, आणि ज्यांच्या घरात असे मूल आहे ते आई-वडील. मी शिक्षिका नाही. कोलकात्यात एम.कॉम. शिकते आणि उरलेल्या वेळात मराठी पाठांच्या भाषांतराची सेवा करते. या चार इयत्ता ओलांडून मला फार वर्षे झालेली नाहीत. म्हणून उपदेश करण्याऐवजी, त्या वाटेवर ठेच कुठे लागते एवढेच सांगण्याचा प्रयत्न करते.

काही महिन्यांपूर्वी एका बंगाली लेखाचे भाषांतर करताना मी एका शब्दापाशी अडले. तो शब्द होता 'अभ्यास'. आपलाच शब्द, म्हणून मी तो तसाच ठेवला. वाक्य तयार झाले ते असे : "त्यांना पहाटे उठण्याचा अभ्यास होता." वाचून माझे मलाच हसू आले. बंगालीत अभ्यास म्हणजे सवय. आपण ज्याला अभ्यास म्हणतो त्याला बंगाली माणूस 'पडाशोना' म्हणतो, म्हणजे वाचणे आणि ऐकणे.

मग गीतेचा सहावा अध्याय आठवला. मन चंचल आहे, ते आवरायचे कसे, या प्रश्नावर तिथे दोन उपाय सांगितले आहेत : अभ्यास आणि वैराग्य. तिथेही अभ्यास म्हणजे पुस्तक उघडून बसणे नव्हे. तीच गोष्ट न कंटाळता पुन्हा पुन्हा करणे, हा त्याचा अर्थ.

आपण घरात विचारतो, "अभ्यास झाला का?" जणू ती एकदाची उरकण्याची गोष्ट आहे. अभ्यास उरकता येतो, सवय मात्र लावून घ्यावी लागते. नववी ते बारावी या चार वर्षांत दरवर्षी अडचण बदलते. कालची युक्ती आज चालत नाही. चारही वर्षे सोबत राहते ती चांगली सवयच. आता एकेक पायरी पाहू.

पहिली पायरी – नववी : "मी मागे का पडलो?"

आठवीपर्यंत पाठांतरावर बरेच निभावते. नववीत बीजगणित, भूमितीच्या सिद्धता, विज्ञानातली सूत्रे आली की पुस्तक 'काय' बरोबर 'का' विचारू लागते. त्यातच शिक्षण हक्क कायद्यामुळे अनेक वर्षे आठवीपर्यंत कोणाला नापास करत नव्हते. त्यामुळे 'नापास' हा शब्द पुष्कळ मुलांना पहिल्यांदा नववीतच भेटला. याच वयात शरीर बदलते, आवाज बदलतो, मित्र काय म्हणतील याची चिंता आई काय म्हणेल याहून मोठी होते.

आमचे कुटुंब मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. आमच्या भागातली पुष्कळ कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. आप्पांचे दुकान बऊबाजारात. आठवीपर्यंत मी गावी आजीजवळ शिकले आणि नववीला कोलकात्याला आले. गावच्या शाळेत माझा नंबर पहिल्या पाचात असे. इथे इंग्रजी माध्यम, दुसरी भाषा बंगाली. पहिल्या चाचणीत बंगालीत नापास. वर्गात मी तोंड उघडले की मागच्या बाकांवर हसू पिकायचे. हळूहळू मी बोलणेच सोडले. जे कळले नाही ते विचारायचेही सोडले. खरे नुकसान तिथे झाले.

नववीचा धडा हाच आहे. मागे पडण्यात लाज नाही. मागे पडल्यावर गप्प बसणे मात्र महाग पडते. रोज एक प्रश्न विचारायचा, एवढी एक सवय या वर्षी लावून घ्या. शिक्षकांना विचारा, मोठ्या ताईला विचारा, शेजारच्या बाकावरच्या मित्राला विचारा. उत्तर मिळाले की वहीत लिहा.

एक व्यवहाराची गोष्टही सांगते. पश्चिम बंगालमध्ये दहावीच्या, म्हणजे 'माध्यमिक' परीक्षेची नोंदणी नववीतच होते. तेव्हा नोंदलेले नाव आणि जन्मतारीख पुढे सगळीकडे चालते. त्या कागदावरचे अक्षर न् अक्षर आई-वडिलांनी स्वतः तपासावे.

दुसरी पायरी – दहावी : "मी म्हणजे माझे गुण का?"

माध्यमिक परीक्षेत सात विषय असतात आणि प्रत्येकाचे १०० गुण, म्हणजे एकूण ७००. त्याआधी शाळेत 'टेस्ट' परीक्षा होते. त्या सुमाराला कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकांच्या दुकानांत विटेएवढ्या जाड 'टेस्ट पेपर'च्या थप्प्या लागतात. परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर फुटपाथवर वर्तमानपत्र अंथरून आया बसलेल्या असतात. कोणाच्या हातात पाण्याची बाटली, कोणाच्या हातात जपमाळ. आणि निकालाच्या दिवशी इथे आजही पहिल्या दहा क्रमांकांची यादी जाहीर होते, त्या मुलांच्या घरी कॅमेरे पोचतात.

त्या मुलांचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्याच दिवशी लाखो घरांत एक मूल स्वतःला मनात कमी लेखत असते. दहावीची खरी अडचण परीक्षेची नसतेच. परीक्षा काही दिवसांत संपते. 'मी' आणि 'माझे गुण' यांतले अंतर पुसले जाते, ती अडचण पुढे वर्षानुवर्षे राहते.

माझ्या निकालाच्या आदल्या रात्री आप्पांनी एवढेच सांगितले : "आपण सोनं कसोटीवर घासतो ते त्याचा कस कळावा म्हणून. कमी भरलं म्हणून कोणी ते रस्त्यावर टाकत नाही. पुन्हा मुशीत घालतो." ते बोलले आणि झोपायला गेले. मला मात्र त्या रात्री शांत झोप लागली.

म्हणून दहावीत दोन गोष्टी कराव्या. एक, जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, बैठक न मोडता सोडवाव्या. तीन तास एका जागी बसण्याची सवय आयत्या वेळी लागत नाही. दोन, सोडवलेली प्रश्नपत्रिका तपासताना 'किती मिळाले' याच्याआधी 'कुठे चुकले' ते लिहावे. चूक ही माहिती आहे. तिला रागावून काही हाती लागत नाही, पण तिच्याकडे नीट पाहिले तर ती पुढची वाट दाखवते.

तिसरी पायरी – अकरावी : "आता कोण विचारणार आहे?"

चार वर्षांत सर्वांत फसवे वर्ष कोणते, असे मला विचाराल तर मी अकरावी म्हणेन. दहावी सुटल्याचा आनंद असतो, बारावी लांब वाटते. घरातलेही म्हणतात, "यंदा जरा आराम कर." महाराष्ट्रात असो की बंगालमध्ये, पुष्कळ मुलांची अकरावी अशीच निघून जाते. प्रत्यक्षात याच वर्षी विषयांची खोली एकदम वाढते. नीट आणि जेईई या परीक्षांना अकरावीचा अभ्यासक्रमही लागतो. वाणिज्य शाखेत नावे-जमा अकरावीत पक्के झाले नाही, तर बारावीतली भागीदारीची खाती कळत नाहीत.

इथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. अकरावीच्या एका परीक्षेत अकाउंट्समध्ये मला ८० पैकी १९ गुण मिळाले. तो पेपर मी घडी घालून कपाटात रजईच्या खाली ठेवला. घरी सांगितले, "पेपर अजून दिले नाहीत." मग रोज संध्याकाळी पुस्तक उघडे ठेवून बसायचे. वाचत काहीच नसायचे, फक्त पाने उलटायची. असे तीन आठवडे गेले. भूक मेली, झोप उडाली. एके दिवशी सियालदहच्या गर्दीत उभी असताना मनात आले, आपण कुठे निघूनच गेलो तर बरे होईल. तो विचार मनात आला याचीच मला इतकी भीती वाटली की घरी आल्याबरोबर मी तो पेपर काढून आईच्या हातात दिला.

आई सातवीपर्यंत शिकलेली. तिने पेपर खालीवर पाहिला. ओरडली नाही. म्हणाली, "कुठं अडतंय ते दाखव. मला बी कळू दे की."

मी म्हटले, "तुला नाही कळायचं गं."

ती म्हणाली, "मग तुला तरी कुठं कळलंय? सांगून तर बघ."

त्या दिवसापासून रोज रात्री भांडी आवरली की वीस मिनिटे मी आईला अकाउंट्स शिकवू लागले. ती वाण्याच्या हिशोबाची वही समोर ठेवायची आणि विचारायची, "हे आपलं घेणं का देणं?" तिला समजेल असे सांगताना माझ्या लक्षात येऊ लागले की नेमके कुठले मलाच समजलेले नाही. दोन महिन्यांनी नावे-जमा माझ्या हाताला बसले. बारावीत मी वर्गात पहिली आले नाही, पण वाणिज्य शाखा सोडण्याचा विचार पुन्हा मनात आला नाही. ती वीस मिनिटे होती बंगाली अर्थाने 'अभ्यास'.

अकरावीत म्हणून या दोन सवयी हव्यात. रोज शिकलेले कोणाला तरी आपल्या शब्दांत सांगणे, आणि वाईट बातमी त्याच दिवशी घरी सांगणे. लपवलेला पेपर रोज जड होत जातो.

चौथी पायरी – बारावी : "पुढे काय?"

बारावीत बोर्डाची परीक्षा असतेच, शिवाय प्रवेशपरीक्षांची रांग लागते. कोणी नीट, कोणी जेईई, कोणी सीयूईटी, कोणी सीए फाउंडेशन. पश्चिम बंगालमध्ये तर २०२४ साली अकरावीत दाखल झालेल्या मुलांपासून सत्र पद्धत सुरू झाली. अकरावी-बारावी मिळून चार सत्रे, पहिल्या व तिसऱ्या सत्रात बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्या व चौथ्या सत्रात लेखी उत्तरे. माझ्या वेळी हे नव्हते. माझ्या धाकट्या भावंडांना दर सहा महिन्यांनी लिहिण्याची पद्धतच बदलावी लागते.

पण या वर्षाचे मोठे ओझे निवडीचे आहे. मैत्रीण पुण्याला जाणार, भाऊ इंजिनिअर झाला, काका म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. सतराव्या-अठराव्या वर्षी मुलाला वाटते की आत्ता चुकलो तर सगळे आयुष्य चुकले. घरात पैशाचे गणितही असते, आणि त्याविषयी मुलांसमोर सहसा कोणी मोकळे बोलत नाही.

आमच्या घरी एका रविवारी आप्पांनी वही उघडून दाखवली. दुकानाचे भाडे किती, गावी पाठवायचे किती, माझ्या शिक्षणाला किती निघू शकतात. मला वाईट वाटेल असे त्यांना वाटले होते. उलट माझा जीव हलका झाला. निवड करायला खरी माहिती लागते, आणि ती माहिती मला मिळाली होती.

गीतेतला दुसरा उपाय, वैराग्य, तो बारावीत कामाला येतो. परीक्षेच्या शेवटच्या दिवसापर्यंत अभ्यास. पेपर दिल्यावर त्याची चिंता सोडून देणे, हे वैराग्य. जे आपल्या हातात होते ते केले, आता जे हातात नाही त्याचे ओझे वाहायचे नाही. पेपर संपल्यावर फाटकाबाहेर उत्तरे ताडून पाहण्याचा मोह टाळा. त्याने गुण वाढत नाहीत आणि दुसऱ्या दिवशीचा पेपर मात्र बिघडतो.

शाळा सुटली, सवय सुटली नाही

सियालदहहून जो लांब रस्ता उत्तरेला जातो त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र रस्ता म्हणतात. त्याच रस्त्यावर राजाबाजारचे सायन्स कॉलेज आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय हे मोठे रसायनशास्त्रज्ञ, 'बेंगॉल केमिकल' या कारखान्याचे संस्थापक. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी या कॉलेजातल्याच एका खोलीत साधेपणाने काढली. त्यांच्या शाळेच्या दिवसांची गोष्ट आपल्या विषयाला धरून आहे.

त्यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ चा, आजच्या बांगलादेशातल्या खुलना भागातल्या राडुली गावचा. १८७० च्या सुमारास वडिलांनी मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड कोलकात्याला हलवले आणि प्रफुल्ल हेअर स्कूलमध्ये जाऊ लागले. पूर्व बंगालमधून आलेल्या मुलांना शहरातली मुले 'बांगाल' म्हणून चिडवत. नव्या शहरात हसू झेलणे त्यांनाही चुकले नाही.

१८७४ मध्ये त्यांना आमांशाचा तीव्र आजार झाला. शाळा सोडून गावी परतावे लागले. आजच्या सातवी-आठवीचे वय, आणि सुमारे दोन वर्षे वर्गाचे तोंड पाहायला मिळाले नाही. बरोबरीची मुले पुढे निघून गेली. प्रकृती तर जन्मभरासाठी नाजूक झाली. पण घरात वडिलांचा ग्रंथसंग्रह होता. वर्ग नाही, परीक्षा नाही, 'किती मिळाले' विचारणारे कोणी नाही, अशा त्या दिवसांत त्यांनी रोज वाचण्याची सवय लावून घेतली. १८७६ मध्ये ते परतले आणि केशवचंद्र सेन यांनी स्थापलेल्या अल्बर्ट स्कूलमध्ये दाखल झाले. पुढे एन्ट्रन्स परीक्षा उत्तीर्ण झाले, गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून १८८२ मध्ये एडिंबरोला गेले आणि १८८७ मध्ये डी.एससी. झाले. ज्या मुलाची प्रकृती तेराव्या वर्षी ढासळली होती, त्याने मोजका आहार आणि नियमित दिनचर्या सांभाळून ८२ वर्षांचे आयुष्य काढले.

प्रत्येक आजारी मूल मोठा शास्त्रज्ञ होईल असे मला सुचवायचे नाही. दोन वर्षे मागे पडणे म्हणजे आयुष्य मागे पडणे नव्हे, इतकेच या गोष्टीतून घ्यायचे. शाळा थांबली तरी सवय चालू राहू शकते.

या आठवड्यापासून

विद्यार्थी मित्रांनो, तीनच गोष्टी करा.

१. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी बसा. सुरुवात वीस मिनिटांनी करा. बसण्याआधी दोन मिनिटे डोळे मिटून शांत राहा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

२. झोपण्यापूर्वी वहीत तीन ओळी लिहा : आज काय कळले, काय कळले नाही, उद्या कोणाला विचारणार. दुकानदार रोजकीर्द लिहितो तशी ही मनाची रोजकीर्द. त्यात खोटी नोंद करायची नाही.

३. आठवड्यातून एकदा घरातल्या कोणाला तरी काही शिकवा.

आई-वडिलांनो, तुम्हीही तीन गोष्टी करा.

१. "किती मिळाले?" याच्या आधी "कुठं अडतंय?" विचारा.

२. वाईट बातमी सांगणाऱ्या मुलाला त्या दिवशी रागावू नका. तो दिवस ऐकण्याचा. उपाय दुसऱ्या दिवशी बोलता येतो.

३. दुसऱ्याच्या मुलाचे उदाहरण जेवताना देऊ नका.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, एकटे राहत असेल, "मी नसलेलेच बरे" असे काही बोलले असेल, तर ते नाटक समजू नका. जवळ बसा, एकटे सोडू नका आणि डॉक्टरांची मदत घ्या. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येते. विद्यार्थ्यांनो, हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे. मदत मागणे हा दुबळेपणा नव्हे. महाराष्ट्रात नापास झालेल्यांसाठी काही महिन्यांतच पुरवणी परीक्षा असते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही दहावी-बारावी करता येते. परीक्षेची वाट पुन्हा मिळते. तुम्ही मात्र घरच्यांना एकच आहात.

मननासाठी प्रश्न

• सध्या मी कोणत्या पायरीवर आहे, आणि या पायरीची खरी अडचण कोणती?
• असा कोणता 'पेपर' मी रजईखाली लपवून ठेवला आहे? तो कोणाच्या हातात देऊ शकेन?
• माझ्या घरी मूल वाईट बातमी घेऊन आले, तर पहिले वाक्य माझ्या तोंडून कोणते निघेल?

या प्रश्नांची उत्तरे साप्ताहिक स्वाध्यायात सर्वांसमोर सांगितलीच पाहिजेत असे नाही. एखाद्या जवळच्या माणसाला सांगितली तरी पुरे.

माझा तो १९ गुणांचा पेपर आईने टाकून दिला नाही. आमच्या घरच्या हिशोबाच्या वहीत तो आजही आहे. तो कशाला ठेवलास, असे मी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी तू मला खरं सांगितलंस, त्याची पावती आहे ती."

आपल्या सर्वांच्या घरी असे खरे सांगण्याची आणि ऐकून घेण्याची सवय लागो, हीच सदिच्छा.